उस्तादाचा वाटा किती?

आमच्या मारेगावात फुटबॉल हा काही मोठा खेळ नव्हे. कबड्डी आणि टेनिस बॉलचे क्रिकेट, यांचेच इथे राज्य. यवतमाळ जिल्ह्यातला हा भाग कापसाचा, आणि वणीकडे वळले की कोळशाचा. फुटबॉल इथे आला तो नागपूर-कामठीकडे शिकून परतलेल्या चार मुलांबरोबर, आणि दर चार वर्षांनी टीव्हीवर येणाऱ्या विश्वचषकाबरोबर. तरीही संध्याकाळी पंधरा-वीस मुले मैदानावर जमतात, दोन बाजूंना दोन-दोन विटा मांडतात आणि दिवस बुडेपर्यंत खेळतात. या मुलांनी एक छोटी स्पर्धा भरवायचे ठरवले. वर्गणी गोळा झाली, संघ ठरले, आणि चषकाला कोणाचे नाव द्यायचे यावरून वाद झाला. वाद मिटेना म्हणून मुले आमच्याकडे आली.

एकाने सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव सुचवले होते. हैदराबादचे रहीमसाहेब, भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा चित्रपट ११ एप्रिल २०२४ रोजी, नेमक्या ईदच्या दिवशी, प्रदर्शित झाला होता. मुलांनी तो नंतर मोबाईलवर पाहिलेला. सुचवणारा मुलगा म्हणाला, ‘‘सर, एवढा मोठा माणूस, आणि आपला.’’ त्यावर आमच्याच मोहल्ल्यातला दुसरा मुलगा म्हणाला, ‘‘आपला आहे म्हणूनच नको. लोक म्हणतील, मुसलमान होता म्हणून नाव दिलं.’’ दोघेही आमच्याकडे बघू लागले. तेवढ्यात मागे उभा असलेला त्यांचा गोलकीपर, तो शेजारच्या पोडावरचा कोलामाचा मुलगा, शांतपणे म्हणाला, ‘‘सर, त्यायनं केलं काय, थे तं सांगा.’’

आम्ही त्या वेळी गुळमुळीत उत्तर दिले. ‘‘फार मोठे काम आहे त्यांचे,’’ असे काहीतरी म्हणालो आणि चहा मागवला. मुले गेल्यावर त्या उत्तराची लाज वाटू लागली. प्रश्न तर तिघांचेही खरे होते. आणि तिसऱ्या मुलाचा प्रश्न तर सगळ्यात सरळ होता. एखाद्याची कीर्ती त्याच्या हक्काची आहे की नाही, हे ठरवायचे कसे? आणि तो माणूस ‘आपला’ असेल तर ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे का? हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

*

आधी केले काय, ते सांगू.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. पेशाने ते शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठात शिकले, फुटबॉल खेळले, शाळांतून शिकवले, शारीरिक शिक्षणाचा रीतसर अभ्यास केला. चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा त्या काळी देशातल्या तीन मोठ्या स्पर्धांपैकी एक होती. पोलिसांच्या या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो चषक हैदराबादला नेला.

देशाच्या संघाचे काम त्यांच्याकडे आले आणि १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने अंतिम सामन्यात इराणला एका गोलने हरवून सुवर्णपदक मिळवले. गोल साहू मेवालाल यांचा, कप्तान शैलेन मन्ना. १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. १९६२ साली जकार्तात पुन्हा सुवर्णपदक. त्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने रहीमसाहेब अल्लाहला प्यारे झाले. वय त्रेपन्न. भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण त्यानंतर कधी मिळालेले नाही, आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर आपला पुरुष संघ ऑलिम्पिकला पोचलेलाही नाही.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई झाली. त्यानंतर त्या मुलखातल्या सामान्य मुसलमानांवर काय गुदरले, हे मराठवाड्यातल्या घराघरांत अजून हळू आवाजात सांगितले जाते. आम्ही वऱ्हाडातले. कागदोपत्री आमचाही मुलूख निजामाचाच. इंग्रजांनी तो कायमचा भाड्याने घेतला होता, तरी निजामाच्या बिरुदात ‘हैदराबाद आणि वऱ्हाड’ असे दोन्ही शब्द होते. आमच्या सोयरिकी पैनगंगेपलीकडे आदिलाबाद-हैदराबादपर्यंत. तेव्हा त्या काळच्या गोष्टी आमच्याही कानांवर आहेत. आणि त्या कारवाईला तीन वर्षेही पुरी झालेली नसताना एक हैदराबादी मुसलमान शाळामास्तर भारताचा संघ घेऊन मैदानात उतरतो, ही गोष्ट ऐकताना आमचा ऊर भरून येतो. का येऊ नये? पण ऊर भरून येणे ही एक गोष्ट आणि पुरावा ही दुसरी. तिसऱ्या मुलाने आम्हाला ऊर दाखवायला सांगितला नव्हता.

*

आता दुसरी बाजू मांडू. ती कोणी परक्याने मांडण्याआधी आपणच मांडलेली बरी.

१९५१ च्या दिल्लीतल्या स्पर्धेत संघ होते अवघे सहा. मैदान घरचे, प्रेक्षक घरचे. तीन सामने जिंकले की सुवर्ण. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला गेलो तेव्हा युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले, आपण केला एक. आपले बरेच खेळाडू तिथे अनवाणी खेळले. त्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. सोन्याचे श्रेय त्यांना द्यायचे असेल, तर या दहा गोलांचा जाबही त्यांनाच विचारावा लागेल.

१९५६ च्या मेलबर्नचे पाहा. चौथा क्रमांक म्हणजे केवढी मोठी गोष्ट वाटते. पण त्या ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलचे संघच अकरा होते. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. त्याच हिवाळ्यात रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा संघ आलाच नाही. आपण न खेळताच पुढच्या फेरीत गेलो. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले, मग युगोस्लाव्हियाकडून १-४ ने आणि बल्गेरियाकडून ०-३ ने हरलो. म्हणजे एक सामना जिंकून आपण जगात चौथे आलो. एका देशाच्या दुःखाचा त्यात थोडा वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे.

जकार्तात १९६२ साली इस्रायल आणि तैवान नव्हते, कारण यजमान इंडोनेशियाने त्यांना येऊच दिले नव्हते. इस्रायल त्या काळी आशियातला तगडा संघ होता. दोन वर्षांनी आशियाई चषक त्यांनीच जिंकला आणि भारत दुसरा आला. शिवाय १९५६ आणि १९६० ची ऑलिम्पिके ही हौशी खेळाडूंची. पश्चिम युरोपातले पगारी खेळाडू त्यांत नव्हते.

आणखी एक बोलले जाते. ब्राझीलने ज्या ४-२-४ रचनेवर १९५८ चा विश्वचषक जिंकला, ती रचना रहीमसाहेब आधीच वापरत होते, आणि ब्राझीलवाल्यांनीच त्यांच्यापासून धडा घेतला, असे काही लेखांतून वाचायला मिळते. आपल्याला हे वाचून बरे वाटते, म्हणूनच ते जरा थांबून वाचावे. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडचा ६-३ असा फडशा पाडला. तेव्हापासून मधला आघाडीवीर मागे ओढून खेळण्याची ती तऱ्हा जगभरचे प्रशिक्षक अभ्यासत होते. हंगेरीचे प्रशिक्षक ब्राझीलमध्ये जाऊन शिकवतही होते. रहीमसाहेबांनी ती तऱ्हा लांबून ओळखली आणि आपल्या मुलांना पेलेल अशी करून शिकवली, एवढे म्हणणे रास्त आहे. ब्राझीलला त्यांनी शिकवले, असे म्हणणे म्हणजे चांगल्या माणसाच्या अंगावर उसना शेरवानी चढवणे. त्याची त्यांना गरज नाही.

हे सगळे एका बाजूला ठेवले तर दुसऱ्या मुलाची भीती खरी ठरते की काय, असे वाटते. नशीब, कमी संघ, गैरहजर प्रतिस्पर्धी. मग उरते काय?

*

उरते ते फार मोलाचे आहे, असे आम्हाला वाटते. पण ते पाहण्यासाठी पदकांकडे बघणे सोडावे लागते.

शिक्षकाची परीक्षा कशी घ्यावी? वर्गात पहिला आलेला मुलगा दाखवून नव्हे. तो कदाचित घरूनच हुशार आला असेल. परीक्षा घ्यावी ती त्याच मुलाची, त्याच विषयात, काही वर्षांच्या अंतराने. दैवयोगाने रहीमसाहेबांच्या बाबतीत अशी परीक्षा इतिहासानेच घेऊन ठेवली आहे. १९५२ साली युगोस्लाव्हियाकडून १-१०. १९५६ साली पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, दोन्ही वेळा रौप्यपदक मिळवणारा. मध्यंतरापर्यंत कोणाचाच गोल नाही. मग पहिला गोल आपण केला. थोडा वेळ का होईना, उपांत्य फेरीत भारत पुढे होता. अखेर ४-१ ने हरलो. आणि १९६० साली रोममध्ये पदक एकही नाही, नशीब एकदाही बाजूला नाही. हंगेरीकडून १-२ ने हरलो, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली, पेरूकडून १-३ ने हरलो. त्या हंगेरीने त्या वेळी कांस्यपदक मिळवले. आमच्या मते रहीमसाहेबांचे सगळ्यात मोठे काम या हरलेल्या सामन्यांत आहे. दहा गोल खाणारा देश आठ वर्षांत हंगेरीला एका गोलच्या फरकावर रोखून धरतो, हे आपोआप होत नाही.

ते कसे झाले, हेही माहीत आहे. हेलसिंकीनंतर खेळाडूंच्या पायांत बूट आले, ते अखिल भारतीय संघटनेच्या नियमाने. पण बूट घातल्याने खेळ येत नाही. हैदराबादेत रहीमसाहेब मुलांच्या अशा स्पर्धा भरवत, ज्यांत चेंडू फक्त कमजोर पायानेच मारायचा. उजव्या पायाच्या मुलाने डाव्या, डाव्याने उजव्या. अशाही स्पर्धा भरवत, ज्यांत चेंडू पायात घोळवायची मनाई. आला की एका स्पर्शात पुढे द्यायचा. त्या काळी आपल्याकडे चेंडू घेऊन चार जणांना चकवणे म्हणजेच फुटबॉल, अशी समजूत होती. टाळ्या त्यालाच पडत. एका शाळामास्तराने मुलांना शिकवले की चेंडू तुझा नाही, संघाचा आहे.

जकार्ताचेही पुन्हा पाहू. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ०-२ ने हरवले होते. १९५६ आणि १९६० चे आशियाई चषक कोरियाने जिंकलेले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांचे डोके फुटले, टाके पडले. बचावात उडी मारून डोक्याने चेंडू अडवणारा गडी आता तिथे चालणार नव्हता. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवले नाही, आघाडीला नेले. जर्नेल सिंगांनी उपांत्य सामन्यात व्हिएतनामविरुद्ध एक गोल केला आणि अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध एक. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठले होते, त्यांना अंतिम सामन्यात उतरवले. ४ सप्टेंबर १९६२. मैदानातला प्रचंड जमाव भारताविरुद्ध संतापलेला, कारण इस्रायल-तैवानला वगळल्याबद्दल भारताचे क्रीडाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. आपल्या वकिलातीवरही चाल करून लोक गेले होते. त्या गोंगाटात भारत २-१ ने जिंकला. पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू तिथे बसून आपल्याला दाद देत होते, असे त्या संघातले लोक पुढे सांगत आले. जर्नेल सिंगांचा जन्म लायलपूरकडचा, फाळणीत सगळे सोडून आलेले. त्या दाद देण्याला काय म्हणावे, हे वाचकांनी आपापले ठरवावे.

बचावपटूला आघाडीला पाठवणे हा जुगार होता. फसला असता तर आज आपण ‘काय हा मूर्खपणा’ म्हणालो असतो. मग त्या निर्णयाचे श्रेय त्यांना द्यायचे की नाही? आमचे उत्तर असे. निर्णय फळला म्हणून तो शहाणपणाचा ठरत नाही. तो शहाणपणाचा होता, कारण घेणाऱ्याला आपला माणूस ठाऊक होता. जर्नेल लहानपणी कुठे खेळला, त्याची उडी किती, त्याची जिद्द किती, हे वर्षानुवर्षे पाहिलेले होते. फळ अल्लाहच्या हातात. पण पेरणीआधी जमीन ओळखणे शेतकऱ्याच्या हातात असते, आणि हे आमच्या कापूसवाल्या गावाला निराळे समजावून सांगायला नको. पाऊस पडला नाही म्हणून चांगला शेतकरी वाईट ठरत नाही, आणि शेजारच्याचे पीक बुडाल्याने आपल्याला भाव चांगला मिळाला, तर त्यात आपली हुशारी नसते.

*

तरीही एक प्रश्न राहतोच. गोल तर खेळाडूंनी केले. मग उस्तादाचा वाटा किती?

मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मूळचे गोव्याचे, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारे. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. जकार्ताचे कप्तान चुनी गोस्वामी, पहिला गोल करणारे पी. के. बॅनर्जी, मधल्या फळीतले गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको, हैदराबादचे तुलसीदास बलराम आणि युसूफ खान. ही सगळी असामान्य माणसे होती. यांच्याऐवजी आमची मारेगावची मुले दिली असती, तर रहीमसाहेबांनाही सुवर्ण मिळाले नसते.

‘मैदान’ चित्रपट पाहताना आम्हाला इथेच थोडे खटकले. नायक मोठा दिसावा म्हणून चित्रपटाला खलनायक लागतो. मग कलकत्त्याचे कारस्थानी अधिकारी आणि द्वेष्टा पत्रकार उभा केला जातो. कथेला ते चालते. पण प्रेक्षक घरी जाताना इतिहास म्हणून तेच घेऊन जातो. बंगालच्या फुटबॉलने चुनी दिला, अरुण घोष दिले. त्या फुटबॉलचे सगळे श्रेय पुसून आपल्या माणसाचे श्रेय वाढत नसते. रहीमसाहेब वंग-हैदराबाद-पंजाब-गोवा एका संघात बांधू शकले हेच तर त्यांचे काम. त्या बांधणीतला एक धागा काळा रंगवला, तर कापडच खराब होते.

आणि त्यांच्या जाण्याने भारतीय फुटबॉल बुडाला, असे जे म्हटले जाते, तेही निम्मेच खरे. १९७० साली बँकॉकला आपण आशियाई कांस्य मिळवले. त्या संघाचे कप्तान सय्यद नईमुद्दीन हैदराबादच्याच मुशीतले, आणि प्रशिक्षकांत पी. के. बॅनर्जी, म्हणजे रहीमसाहेबांचा शागीर्द. तिथवर उस्तादाची पुण्याई पुरली, असे म्हणता येईल. पण दरम्यान जग बदलले होते. जकार्तात आपल्याकडून ०-२ ने हरलेल्या जपानने १९६० पासूनच डेटमार क्रामर हा जर्मन प्रशिक्षक आणून काम सुरू केले होते, १९६५ साली स्वतःची लीग उभी केली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. आपल्या देशातले सामने मात्र कितीतरी वर्षे सत्तर मिनिटांचेच राहिले, आणि बाहेर गेल्यावर खेळाडू शेवटच्या वीस मिनिटांत धापा टाकू लागले. एका माणसाच्या मरणाने एवढी पडझड झाली असेल, तर दोष मरणाचा नाही. एका माणसावर सगळे सोपवून निवांत बसणाऱ्या व्यवस्थेचा आहे. आमच्या समाजातही हेच घडत आलेले आम्ही पाहतो. एक शिक्षक, एक डॉक्टर, एक कार्यकर्ता निघतो. तो आहे तोवर आपण त्याची वाहवा करतो, आणि गेल्यावर त्याच्या नावाचा जलसा करतो. त्याची जागा घेणारा दुसरा तयार करत नाही.

म्हणून वाट्याचा हिशेब आम्ही असा मांडतो. गोलचे श्रेय खेळाडूचे. पदकाचे श्रेय खेळाडू, प्रशिक्षक आणि नशीब या तिघांचे, आणि त्यातला नशिबाचा हिस्सा कोणालाच मोजता येत नाही. पण आज जो खेळाडू डाव्या पायाने चेंडू मारू शकतो आणि काल मारू शकत नव्हता, त्या डाव्या पायाचे श्रेय उस्तादाचे. तिथे नशीब आडवे येत नाही. रहीमसाहेबांची कीर्ती सोन्याच्या दोन पदकांवर उभी आहे. त्यांची योग्यता त्या डाव्या पायावर उभी आहे. पहिली गोष्ट थोडी डळमळीत आहे. दुसरी पक्की आहे.

*

आता त्या पहिल्या दोन मुलांकडे येऊ. खरी अडचण तिथेच आहे.

‘ते मुसलमान होते म्हणून का?’ या प्रश्नाला आम्ही प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. रहीमसाहेब मुसलमान नसते, तर आम्ही या अंकात त्यांच्यावर लिहिले असते का? बहुधा नाही. नेव्हिल डिसूझांवर आम्ही आजवर ओळही लिहिली नव्हती. मेवालाल यांचे नाव त्या मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि ते मुसलमान नव्हते. तेव्हा रहीमसाहेबांना देश विसरला तो ते मुसलमान होते म्हणूनच, अशी तक्रार करण्याचा मोह आम्ही आवरतो. हा देश फुटबॉलच्या सगळ्यांनाच विसरला. द्रोणाचार्य पुरस्कारच मुळी १९८५ साली सुरू झाला, तेव्हा रहीमसाहेबांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. प्रत्येक विस्मरणात आपला अपमान शोधण्याची सवय लागली की खरा अपमान होतो तेव्हा आपला आवाज कोणी ऐकत नाही.

पण म्हणून दुसऱ्या मुलाचे म्हणणेही आम्हाला मान्य नाही. ‘आपला आहे म्हणूनच नको,’ यात नम्रता दिसते, पण तळाशी भीती आहे. लोक काय म्हणतील या भीतीने आपल्यातल्या लायक माणसाचे नाव गिळणे हाही अन्यायच आहे. तो रहीमसाहेबांवर होत नाही; ते त्याच्या पलीकडे गेले. तो त्या मुलावर होतो. उद्या हाच मुलगा कुठे निवडीला गेला आणि लायक ठरला, तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्याने स्वतःच मागे सरावे का?

सूरह निसामध्ये मोमिनांना गवाहीविषयी जी ताकीद आहे, ती आपण सगळ्यांनी वाजमध्ये ऐकलेली आहे. न्यायाच्या बाजूने साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापाच्या, नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी. या ताकिदीचा अर्थ आपण बहुधा एवढाच घेतो की आपल्यांची चूक लपवू नये. ते खरेच आहे. म्हणून तर वर दहा गोल सांगितले, हंगेरी सांगितली, ब्राझीलची दंतकथा बाजूला केली. पण न्यायाची साक्ष दोन्हीकडून मोडते. आपला म्हणून एक तोळा वाढवला तरी मोडते, आणि आपला म्हणून, लोकलाजेस्तव, एक तोळा कमी केला तरी मोडते. तराजूला माणसाचे नाव माहीत नसते. आमच्या वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला काट्यातली एवढीशी गोम लगेच कळते. आपल्या मनातल्या काट्यातली का कळू नये?

*

जाता जाता आणखी एका माणसाविषयी. आमच्या लहानपणी शाळेत पी.टी.चे एक सर होते. त्यांचे नाव इथे देत नाही, ते आता हयात नाहीत. शाळेला एकच फुटबॉल होता आणि त्याचा ब्लॅडर पंक्चरच्या ठिगळांनी भरलेला. सर तो सायकलच्या दुकानात स्वतः नेऊन दुरुस्त करून आणत. ज्याला चेंडू येत नाही, त्यालाच ते आधी चेंडू देत. आम्ही हुशार मुले चिडायचो. त्यांचा संघ तालुक्याच्या पुढे कधी गेला नाही. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढणार नाही.

रहीमसाहेबांच्या कीर्तीचा हिशेब करताना आम्हाला सारखे हे सर आठवत होते. दोघांत फरक केवढा, हे आम्हाला कळते. एकाची बुद्धी देशाला पुरली, दुसऱ्याची एका शाळेला. पण आमचा हिशेब बरोबर असेल, म्हणजे योग्यता पदकात नसून शिकवण्यात असेल, तर त्या सरांनाही त्यातला वाटा मिळायला हवा. कीर्ती फार थोड्यांना मिळते, आणि ज्यांना मिळते त्यांनाही पुरती स्वतःच्या जोरावर मिळत नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही. रहीमसाहेबांची कीर्ती खरी आहे. ती पूर्ण त्यांची एकट्याची मात्र नाही, आणि त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी वाचल्या, तर ती एकट्याची मानली जावी असे त्यांनाही वाटत नसावे.

मुले परवा पुन्हा आली होती. या वेळी आम्ही गुळमुळीत बोललो नाही. बूट, दहा गोल, हंगेरी, जर्नेल सिंगांचे टाके, डावा पाय, सगळे सांगितले. गोलकीपर मुलगा थंगराजांविषयी पुन्हापुन्हा विचारत होता. तापातून उठून खेळले, हे त्याला फार आवडले. चषकाला कोणाचे नाव द्यायचे, ते आम्ही सांगितले नाही. ते त्यांचे काम आहे, त्यांनी अजून ठरवलेलेही नाही. एक सूचना मात्र केली. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी एक सामना फक्त कमजोर पायाने खेळावा. मुले हसली, पण त्याच संध्याकाळी आम्ही मैदानावरून जात होतो, तेव्हा तो ‘आपला आहे म्हणूनच नको’ म्हणणारा मुलगा एकटाच भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारत होता. दर वेळी चेंडू भलतीकडेच जात होता, आणि तो धावत जाऊन परत आणत होता.